भरपाईचा माग

पेशवाईत नाशिककडच्या खेड्यात चोरी झाली की पहिला जाब जागल्याला, म्हणजे गावच्या राखणदाराला. पावलांचा माग काढत तो शेजारच्या गावच्या शिवेपर्यंत जाई. माग पलीकडे गेला, तर पुढचा शोध त्या गावाच्या माथी. चोर सापडला नाही, तर गेलेला ऐवज जागल्याने, आणि त्याची ऐपत नसेल तर गावाने भरून द्यायचा. इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने 1819 च्या अहवालात दख्खनची ही रीत नोंदवली आहे. दुसऱ्याच्या चोरीसाठी गरीब जागल्या नागवला जाई, हा त्यातला उघड अन्याय. पण ज्याचं गेलं त्याचा विसर मात्र पडत नसे.

इंग्रजी अमलात गुन्हा सरकारविरुद्धचा झाला आणि दंड सरकारी तिजोरीत जाऊ लागला. 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने फिर्यादीला भरपाईची वाट ठेवली, ती दंडाच्या रकमेतून. पण दंडच नसेल तर भरपाई कुठून? पहिल्याच गुन्ह्यात सापडलेल्याला चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडण्याची सोयही त्याच संहितेत होती. मुंबई प्रांताने 1938 मध्ये परिवीक्षेचा, म्हणजे शिक्षेऐवजी बंधपत्रावर सोडण्याचा, स्वतंत्र कायदा केला आणि 1958 मध्ये केंद्राचा आला. केंद्राच्या कायद्याचं कलम 5 मला फार मोलाचं वाटतं: दोषी ठरलेल्याला तुरुंगात न पाठवता, दंड न करताही, नुकसान भरून देण्याचा हुकूम न्यायालय देऊ शकतं.

भरपाईचा अधिकार कितपत वापरला गेला? 1988 मध्ये हरियाणातलं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. मारहाणीत एकाच्या वाचेला कायमची इजा झाली होती. आरोपींची परिवीक्षा न्यायालयाने कायम ठेवली, पण भरपाई वाढवून 50,000 रुपये केली. भरपाईचा अधिकार सढळ हाताने वापरा, रक्कम आरोपीच्या ऐपतीला धरून ठरवा, हप्तेही देता येतील, असं सगळ्या न्यायालयांना सांगितलं. 2013 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात त्याच न्यायालयाने भरपाईचा विचार करणं बंधनकारक ठरवलं. दिली वा नाकारली, कारणं लिहायलाच हवीत.

केंद्राच्या कायद्यात परिवीक्षेच्या बंधपत्राची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. भरपाईची रक्कम थकली, तर ती दंडासारखी वसूल होते. जिल्हाधिकाऱ्यांमार्फत, जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणेही. पीडिताने पुढे दिवाणी दावा लावला, तर मिळालेली भरपाई तिथे हिशेबात धरली जाते. परिवीक्षा अधिकारी न्यायालयाला द्यायच्या अहवालासाठी आरोपीचं घर, कामधंदा, शेजारपाजार पाहतो. त्याने एकदा फिर्यादीच्या दारीही जावं, काय गेलं ते विचारावं आणि न्यायाधीशांपुढे ठेवावं. नाशिकच्या न्यायालयांत याची सुरुवात व्हायला नवा कायदा लागणार नाही.