नकाराची यादी

युनिक्समध्ये फाइलची परवानगी मुळात नऊ खुणांत आटोपते. मालक, गट आणि बाकीचे; प्रत्येकाला वाचायचं, लिहायचं, चालवायचं की नाही, एवढंच. एका यंत्रावर काम करणाऱ्या मोजक्या मंडळींना ते पुरत होतं. नवा गट हवा असला, की मात्र ॲडमिनची मनधरणी आली.

1980च्या दशकाच्या सुरुवातीला पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठाने आयबीएमच्या साथीने ‘अँड्र्यू’ प्रकल्प हाती घेतला. (कार्नेगी आणि मेलन, दोघंही अँड्र्यूच!) हजारो संगणकांना मिळून एकच फाइल सिस्टीम द्यायची होती. पण टेबलावरचा संगणक ज्याच्या ताब्यात, तो त्यात काहीही करू शकतो. म्हणून महादेव सत्यनारायणन आणि सहकाऱ्यांनी भरवसा ठेवला तो फक्त सर्व्हरवर.

कोणाला काय करू द्यायचं याची यादी ठेवण्याची कल्पना जुनीच. ‘मल्टिक्स’ या ऑपरेटिंग सिस्टीमच्या 1965च्या आराखड्यात ती आहे. अँड्र्यूत ती एकेका फाइलला न लावता आख्ख्या डिरेक्टरीला लावली. पुढे हक्क सात झाले: वाचणं, लिहिणं, नावं पाहणं, नवी फाइल घालणं, पुसणं, लॉक करणं आणि खुद्द यादी बदलणं. शिवाय साध्या वापरकर्त्यालाही स्वतःचा गट करता येऊ लागला. माझ्या मते खरी क्रांती हीच.

पण गटातून एखाद्याला काढलं, तर ती बातमी सगळ्या सर्व्हरपर्यंत पोहोचायला वेळ लागे. तेवढ्यात तो गडी फाइल उघडून मोकळा! यावर उपाय म्हणून यादीला नकाराची बाजू जोडली. अमक्याला मनाई, असं डिरेक्टरीवरच लिहायचं. मग तो दहा गटांत का असेना, होकारातून नकार वजा होतो. गटाची दुरुस्ती मागाहून सावकाश.

हीच व्यवस्था ‘एएफएस’ (अँड्र्यू फाइल सिस्टीम) नावाने पसरली आणि 2000 साली आयबीएमने तिचा सोर्स कोड खुला केला. नकाराची बाजू आजही तिच्यात आहे. फक्त एक पाहावं: तोच हक्क ‘कोणीही’ या गटाला दिलेला असेल, तर मनाई झालेला माणूस लॉगिन सोडून अनोळखी म्हणून येतो आणि फाइल खुशाल वाचतो.