फ्लॅशचा उदयास्त

सुताराच्या मुलास बापाचा रंधा वारशानें मिळे आणि तो त्याला जन्मभर पुरे. पातें झिजलें तर बदलावयाचें; हात मात्र एकदां बसला कीं बसला. वेबचीं पानें आणि मोबाईलवरील ॲप घडविणाऱ्या कारागिरांस हें भाग्य कधींच लाभलें नाहीं. त्यांचें हत्यार दर पांच-सात वर्षांनीं बदलतें, आणि पुष्कळदां तें झिजून नव्हे, तर कोणा दूरच्या कचेरींतील निर्णयानें निकामी होतें. फ्लॅशची हकीकत या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. १९९६ सालीं तें जन्मास आलें व २०२० च्या अखेरीस संपलें. मधलीं दहा-बारा वर्षें वेबवरील हलतें चित्र, खेळ व व्हिडिओ यांवर त्याचें जवळजवळ एकछत्री राज्य होतें.

त्याचा जनक जोनाथन गे. हा लहानपणीं लेगोच्या विटांचीं घरें बांधी व पुढें वास्तुशिल्पी व्हावें असें त्याच्या मनांत होतें. तें राहिलें, आणि मॅकिंटॉश संगणकावर ‘डार्क कॅसल’सारखे खेळ लिहून त्यानें नांव मिळविलें. १९९३ सालीं चार्ली जॅक्सन याच्या साह्यानें त्यानें फ्यूचरवेव्ह ही लहानशी कंपनी काढली. त्यावेळीं असा बोलबाला होता कीं, यापुढें लोक कळफलक सोडून पाटीसारख्या पडद्यावर लेखणीनें लिहितील. गो नांवाच्या कंपनीनें अशा पाट्यांसाठीं पेनपॉइंट ही प्रणालि सिद्ध केली होती. गे यानें तिच्यावर चालणारें ‘स्मार्टस्केच’ हें चित्रें काढण्याचें सॉफ्टवेअर लिहिलें. परंतु १९९४ च्या आरंभीं एटी अँड टी या बड्या कंपनीनें, जिच्या हातीं गोचें भवितव्य होतें तिनें, तो सारा खटाटोप गुंडाळून टाकला. सॉफ्टवेअर तयार, आणि तें ज्यावर चालावयाचें तें यंत्रच नाहीं!

गे यानें स्मार्टस्केच विंडोज व मॅकिंटॉशवर नेलें. तेथें मोठ्या प्रतिस्पर्ध्यांपुढें त्याचा टिकाव लागेना. १९९५ च्या उन्हाळ्यांत संगणकचित्रांच्या एका परिषदेंत कित्येकांनीं त्याला सुचविलें कीं, चित्रें काढतां येतात तर तीं हलवीत कां नाहीं? त्यांतून १९९६ सालीं ‘फ्यूचरस्प्लॅश ॲनिमेटर’ बाहेर पडलें. मायक्रोसॉफ्ट व डिस्ने यांनीं तें आपल्या वेबसाइटसाठीं वापरलें, आणि वर्ष संपण्यापूर्वींच सॅन फ्रान्सिस्कोच्या मॅक्रोमीडिया कंपनीनें फ्यूचरवेव्ह विकत घेतली. लांबलचक नांव आंखडून ‘फ्लॅश’ झालें तें तेव्हांपासून.

तें एवढें लोकप्रिय कां झालें हें समजण्यास त्या काळच्या इंटरनेटची स्थिति ध्यानांत घ्यावी लागेल. घरोघरीं टेलिफोनच्या तारेनें माहिती येई, ती सेकंदास जेमतेम तीन-साडेतीन हजार अक्षरें इतक्या मंद गतीनें. साधें छायाचित्र उमटावयास मिनिट लागे. मग चलच्चित्राचें नांवच नको. फ्लॅशनें यावर युक्ति काढली. दारांतली रांगोळी परगांवीं पाठवावयाची तर एक मार्ग असा कीं, प्रत्येक कणाची जागा व रंग लिहून धाडावा. दुसरा असा कीं, रेघ कोठून कोठें ओढावी व आंत कोणता रंग भरावा एवढी चिठ्ठी धाडावी. फ्लॅशचा मार्ग हा दुसरा. चिठ्ठी वाचून चित्र काढण्याचें काम ‘फ्लॅश प्लेअर’ करी, व तो पाहणाराच्या ब्राउझरला बाहेरून जोडलेला असे. जगांतील शेंकडा अठ्ठ्याण्णव संगणकांवर आपला प्लेअर आहे, असें कंपनी पुढें अभिमानानें सांगत असे. २००५ सालीं यूट्यूब निघालें, तेंही याच प्लेअरच्या जोरावर.

देवनागरीलाही त्याचा उपयोग झाला. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वीं एका संगणकावर लिहिलेलें मराठी दुसऱ्यावर तोच टंक नसल्यास अगम्य चिन्हांची रांग होऊन उमटे. फ्लॅशमध्यें अक्षरांच्या आकृति फायलीबरोबरच जात, त्यामुळें मजकूर जसाचा तसा दिसे. पुण्या-मुंबईच्या मल्टिमीडियाच्या वर्गांतून फ्लॅश शिकविलें जाऊं लागलें. चित्रकलेचा हात असलेल्या, पण गणिताची धास्ती घेतलेल्या कितीतरी तरुणांस संगणकाच्या धंद्यांत शिरावयास तेंच दार सांपडलें.

त्या तरुणांची पहिली परीक्षा बाहेरच्या शत्रूनें नव्हे, फ्लॅशनेंच घेतली. २००० सालच्या पांचव्या आवृत्तींत ‘ॲक्शनस्क्रिप्ट’ ही भाषा आली होती. बटनाच्या चित्रावर दोन ओळी चिकटविल्या कीं बटन चाले, एवढी ती सुलभ. २००५ सालीं मॅक्रोमीडिया सुमारें ३४० कोटि डॉलरांच्या सौद्यांत अडोबी कंपनीच्या स्वाधीन झाली व २००६ सालीं ॲक्शनस्क्रिप्टची तिसरी आवृत्ति निघाली. ती वेगवान होती, शिस्तीची होती. पण ती पंडितांची होती. चित्रावर ओळी चिकटविण्याची सोय गेली. पुष्कळ चित्रकार येथेंच मागें पडले. गंमत अशी कीं, ही तिसरी आवृत्ति ज्या नियोजित नियमावलीवर, म्हणजे ईसीएमएस्क्रिप्टच्या चौथ्या मसुद्यावर, बेतली होती तो मसुदाच २००८ सालीं सोडून देण्यांत आला. ब्राउझरमधील जावास्क्रिप्टही याच नियमावलीनें चालते. दोघी बहिणी एका घरांत नांदतील या भरंवशावर ज्यांनीं ती भाषा कष्टानें आत्मसात केली, ते एका न बांधलेल्या घराचे वारस ठरले.

इकडे २९ जून २००७ रोजीं आयफोन विक्रीस आला होता. त्यांत फ्लॅश नव्हतें. आरंभीं कोणीं त्याचें फारसें मनावर घेतलें नाहीं. आज नाहीं तर उद्यां येईल, अशीच समजूत होती. जानेवारी २०१० मध्यें स्टीव्ह जॉब्स यानें आयपॅड लोकांस दाखविला, तेव्हां न्यूयॉर्क टाइम्सच्या पानावर फ्लॅशच्या जागीं लेगोच्या विटेसारखें निळें चिन्ह तेवढें दिसलें. लेगोच्या विटांवर वाढलेल्या गे यास तें पाहून काय वाटलें असेल तें असो! त्याच वर्षाच्या एप्रिल महिन्यांत जें घडलें तें तर तारीखवार सांगण्यासारखें आहे. अडोबीनें असें साधन तयार केलें होतें कीं, फ्लॅशमध्यें लिहिलेलें काम त्यानें आयफोनचें ॲप होऊन बाहेर पडावें. १२ एप्रिल रोजीं तें जाहीर व्हावयाचें होतें. ८ एप्रिल रोजीं ॲपलनें आपल्या करारांत नवें कलम घातलें कीं, अशा मध्यस्थ साधनांनीं बनविलेलीं ॲप स्वीकारलीं जाणार नाहींत. २० तारखेस अडोबीनें त्या साधनावरील पुढील काम थांबवीत असल्याचें सांगितलें. आणि २९ तारखेस जॉब्सचें फ्लॅशविषयींचें खुलें पत्र प्रसिद्ध झालें.

त्या पत्रांतील मुद्दे एकाच मोलाचे नव्हते. फ्लॅशनें यंत्र कोलमडतें, बॅटरी लवकर संपते, आणि तें उंदरासाठीं केलेलें आहे, बोटासाठीं नव्हे, हे आक्षेप खरे होते. असंख्य फ्लॅश पानांवर बाण नुसता वर आणून ठेवला कीं यादी उघडे. पडद्यावर बोट ‘नुसतें वर’ ठेवतां येत नाहीं. परंतु फ्लॅश ही एका कंपनीची खासगी मिरास आहे, हा आक्षेप घेणारा स्वतः ॲप स्टोअरचा मालक होता व तेथील विक्रीचा शेंकडा तीस हिस्सा त्याची कंपनी ठेवून घेत असे. शिवाय त्याच वर्षीं ९ सप्टेंबरला ॲपलनें तें कलम सैल केलें. पांच महिन्यांत दार लागलें आणि पुन्हां किलकिलें झालें. मध्यंतरीं ज्यांनीं धंदा बदलला त्यांनीं काय समजावें?

कारागिरांचा खरा पेंच येथें होता. काळाबरोबर चला, असा उपदेश करणारे पुष्कळ असतात. काळ कोणत्या दिवशीं निघणार हें सांगणारा कोणी नसतो. फ्लॅशऐवजीं एचटीएमएल-५ वापरावें असें जॉब्स म्हणत होता. पण मायक्रोसॉफ्टच्या २००९ सालच्या इंटरनेट एक्सप्लोरर-८ मध्यें त्यांतील व्हिडिओ व चित्रफलक या सोयीच नव्हत्या. त्या मार्च २०११ च्या नवव्या आवृत्तींत आल्या. एचटीएमएल-५ वर अखेरचें शिक्कामोर्तब तर ऑक्टोबर २०१४ मध्यें झालें. म्हणजे २०१० सालीं फ्लॅश सोडणाऱ्याचें काम कचेऱ्यांतील संगणकांवर दिसेना, आणि न सोडणाऱ्याचें आयफोनवर दिसेना. गिऱ्हाइकाला दोन्हीकडे हवें असे, व दाम एकाच कामाचा मिळे. लवकर निघालेले उपाशी राहिले व उशिरां निघालेल्यांचें दुकान उठलें. नोव्हेंबर २०११ मध्यें अडोबीनें स्वतःच मोबाईलच्या ब्राउझरसाठीं फ्लॅश करणें बंद करीत असल्याचें जाहीर केलें, तेव्हां कुठें संशय फिटला.

तरीही सर्वांचें सर्वच वायां गेलें असें नाहीं. चेकोस्लोव्हाकियाच्या फाळणींतून निघालेल्या चेक प्रजासत्ताकांतील अमानिता डिझाइन या लहान मंडळीनें ‘मशिनेरियम’ हा सुंदर खेळ २००९ सालीं फ्लॅशमध्यें केला होता. तोच त्यांनीं सैल झालेल्या कलमाचा लाभ घेऊन २०११ सालीं आयपॅडवर नेला. २०१२ सालीं मायक्रोसॉफ्टनें टाइपस्क्रिप्ट ही भाषा काढली, तेव्हां ॲक्शनस्क्रिप्टची तिसरी आवृत्ति घोटलेल्यांस ती ओळखीची वाटली. ज्या शिस्तीनें त्यांस २००६ सालीं जेरीस आणलें, तिचें व्याज असें सहा वर्षांनीं मिळालें. आयफोनच्या बाजूस गेलेल्यांसही विसांवा नव्हताच. २०१४ सालीं ॲपलनें ऑब्जेक्टिव्ह-सी च्या जोडीस स्विफ्ट आणली, व २०१७ सालीं गूगलनें अँड्रॉइडसाठीं जावाबरोबर कॉटलिनला मान्यता दिली. त्यांना पुन्हां पाटी घ्यावी लागली.

जुलै २०१७ मध्यें अडोबीनें फ्लॅशच्या मृत्यूची तारीख सांगून टाकली : ३१ डिसेंबर २०२०. साडेतीन वर्षें ही मुदत थोडी नव्हे. त्या रात्रीं ‘फार्मव्हिल’ हा खेळहि बंद झाला. २०१० सालीं त्याच्या शेतांत महिन्याकांठीं आठ कोटींहून अधिक लोक राबत असत. १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअरनें चित्रें दाखविण्याचेंच नाकारलें. दक्षिण आफ्रिकेच्या करखात्याचे कांहीं अर्ज अजून फ्लॅशमध्यें होते; त्या खात्यानें अर्ज बदलण्याऐवजीं फ्लॅश चालूं ठेवणारा स्वतःचा ब्राउझरच लोकांस दिला. सरकारी कारभाराची तऱ्हा सर्वत्र सारखीच म्हणावयाची.

राहिलीं तीं पंचवीस वर्षांचीं चित्रें व खेळ. अडोबीनें त्यांची जबाबदारी घेतली नाहीं. ती हौशी लोकांनीं घेतली. फ्लॅशपॉइंट नांवाच्या उपक्रमानें २०१८ पासून हजारों खेळ गोळा केले. रफल या सॉफ्टवेअरनें जुन्या प्लेअरची नक्कल अशी साधली कीं, साध्या ब्राउझरमध्यें, बाहेरचें कांहीं न जोडतां, फ्लॅशची फाईल चालावी. नोव्हेंबर २०२० पासून इंटरनेट अर्काइव्ह या संग्रहालयानें त्याच्या आधारें जुनीं चलच्चित्रें पाहावयास मांडलीं. त्यांत बटनाच्या चित्रावर दोन ओळी चिकटवून केलेले भोळे खेळ आधीं चालूं लागले. पंडितांच्या तिसऱ्या आवृत्तीचें काम बरेंच मागें राहिलें. आणि रफलला ब्राउझरखेरीज दुसरें कांहीं लागत नसल्यानें तीं चित्रें आयफोनवरही उघडतात.