मूळ रिव्हॉल्वर की नवी प्रतिकृती? एका यंत्राचा इतिहास



मी बंगळुरूमधील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात यंत्र अभियांत्रिकी शिकवतो. काही वर्षांपूर्वी पदार्थबलाचा तास संपल्यावर एक विद्यार्थी मागे थांबला. गावाकडच्या घराची आवराआवर करताना पणजोबांच्या ट्रंकेत एक जुने रिव्हॉल्वर सापडले होते. त्याने मोबाइलवर त्याचा फोटो दाखवला आणि विचारले, "सर, हे आज चालवलं तर चालेल का?" मी तेव्हा एवढेच म्हणालो, "हात लावू नका, आधी पोलीस ठाण्यात कळवा." पण त्याच्या प्रश्नात इतिहास, धातुशास्त्र आणि कायदा असे तीन विषय गुंतलेले होते. त्या दिवशी राहून गेलेले सविस्तर उत्तर म्हणजे हे टिपण आहे.

१. यंत्र कसे चालते

रिव्हॉल्वरमध्ये नळी एकच असते आणि तिच्या मागे काडतुसांची घरे असलेले फिरते सिलिंडर असते. एकेरी क्रियेच्या, म्हणजे सिंगल ॲक्शन रिव्हॉल्वरमध्ये प्रत्येक गोळीआधी अंगठ्याने घोडा मागे ओढावा लागतो. घोडा मागे जाताना सिलिंडर एक घर पुढे फिरते आणि जागेवर अडकते. चापाला एकच काम उरते, ते म्हणजे घोडा सोडणे. दुहेरी क्रियेच्या रिव्हॉल्वरमध्ये चाप ओढला की घोडा मागे जाणे, सिलिंडर फिरणे आणि घोडा सुटणे या तिन्ही गोष्टी एकाच ओढीत होतात. साहजिकच तो चाप जड लागतो. एकेरी क्रियेत भाग कमी असतात आणि चाप हलका असतो, पण वेग कमी मिळतो.

सॅम्युअल कोल्ट यांना अमेरिकेतील एकस्व १८३६ मध्ये मिळाले. १८५१ मध्ये लंडनच्या भव्य प्रदर्शनात त्यांनी आपली रिव्हॉल्वरे मांडली आणि पुढे काही वर्षे लंडनमध्ये कारखानाही चालवला. त्याच १८५१ मध्ये रॉबर्ट ॲडम्स या इंग्रज कारागिराने चापानेच चालणारे रिव्हॉल्वर बाजारात आणले. घोडा ओढूनही आणि नुसत्या चापानेही चालणारी त्याची सुधारित आवृत्ती, म्हणजे बोमाँट-ॲडम्स, ब्रिटिश लष्कराने १८५६ मध्ये स्वीकारली. १८५७ च्या उठावात हिंदुस्थानात आलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांकडे कोल्ट आणि ॲडम्स अशी दोन्ही घराणी होती. म्हणजे एकेरी की दुहेरी क्रिया हा वाद आपल्याकडेही प्रत्यक्ष लढाईतच येऊन पोचला. पुढे ब्रिटिशांनी दुहेरी क्रियेची वाट धरली आणि १८८७ मध्ये वेब्ली रिव्हॉल्वर सैन्यात घेतले. अमेरिकी सैन्याने मात्र १८७३ मध्ये कोल्टचे सिंगल ॲक्शन आर्मी हे .४५ व्यासाचे सहाबारी रिव्हॉल्वर निवडले. पाश्चात्त्य चित्रपटांत काउबॉयच्या कमरेला तुम्ही पाहता ते हेच.

२. प्रतिकृतींचा जन्म

कोल्टने या रिव्हॉल्वरचे पहिले उत्पादन दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर थांबवले. १९५० च्या दशकात दूरचित्रवाणीवर काउबॉय मालिकांची लाट आली आणि मागणी पुन्हा वाढली. कोल्टने १९५६ मध्ये दुसरी पिढी सुरू केली. रूगर या अमेरिकी कंपनीने त्याआधीच, १९५३ मध्ये, जुन्या घाटाचे पण आतून नवे रिव्हॉल्वर आणले होते. इटलीतील गार्दोने व्हाल त्रोम्पिया या बंदुका घडवणाऱ्या गावात आल्दो उबेर्ती यांनी १९५९ मध्ये कारखाना काढला आणि कोल्टच्या १८५१ च्या नौदल नमुन्यापासून प्रतिकृती बनवायला सुरुवात केली. अमेरिकी यादवी युद्धाची शताब्दी जवळ आली होती आणि हौशी लोकांना त्या काळातील शस्त्रे हवी होती. १९८० च्या दशकात जुन्या पद्धतीच्या बंदुकांनी नेमबाजी करण्याचा खेळ अमेरिकेत रुजला आणि या प्रतिकृतींना कायमचे गिऱ्हाईक मिळाले.

३. पोलादाचा प्रश्न

आता आपल्या विषयाकडे येऊ. दोन रिव्हॉल्वरे बाहेरून अगदी सारखी दिसतात. मग फरक कुठे आहे?

पहिला फरक दारूचा. १८७३ चे कोल्ट काळ्या दारूसाठी बनले होते. धूरविरहित दारू पॉल व्हिएय यांनी फ्रान्समध्ये १८८४ मध्ये तयार केली. ती तेवढ्याच वजनात कितीतरी अधिक ऊर्जा देते आणि मात्रेत थोडी चूक झाली तरी दाब झपाट्याने चढतो. कोल्टने या रिव्हॉल्वरची धूरविरहित दारूसाठी हमी दिली ती १९०० च्या सुमारास. त्याआधीच्या रिव्हॉल्वरमध्ये आजचे काडतूस घालणे म्हणजे यंत्राला ते ज्यासाठी बनलेच नाही ते काम सांगणे होय.

दुसरा फरक धातूचा. एक ढोबळ गणित करून पाहा. .४५ कोल्ट काडतुसाचा आजचा कमाल प्रमाण दाब १४,००० पौंड प्रति चौरस इंच, म्हणजे सुमारे ९६.५ मेगापास्कल आहे. समजा घराची आतील त्रिज्या ६ मिलिमीटर आणि भिंतीची जाडी २ मिलिमीटर आहे. पातळ भिंतीच्या सूत्राने परिघीय ताण म्हणजे दाब गुणिले त्रिज्या भागिले जाडी. उत्तर येते सुमारे २९० मेगापास्कल. ही भिंत खरे तर पातळ नाही, म्हणून लामे यांचे सूत्र लावा. आतील पृष्ठभागावर सुमारे ३४५ मेगापास्कल मिळतील. साध्या सौम्य पोलादाचे नम्यताबल २५० मेगापास्कलच्या आसपास असते. उष्मोपचार केलेल्या क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाचे ६५० च्या वर सहज जाते. शेजारच्या घरांचा आधार, दाबाचा क्षणिकपणा अशा गोष्टी या गणितात धरलेल्या नाहीत, त्यामुळे यावरून कोणतेही प्रत्यक्ष रिव्हॉल्वर सुरक्षित ठरवू नका. पण नव्या प्रतिकृतीत सुरक्षिततेचा गुणक कुठून येतो हे एवढ्यावरून कळते. आणि शंभर वर्षांच्या धातूत आतून पडलेली बारीक चीर या सूत्रात कुठेच दिसत नाही, हेही ध्यानात ठेवा.

तिसरा फरक सुरक्षेच्या रचनेचा. मूळ कोल्टमध्ये घोड्याची टोचणी थेट काडतुसाच्या बुडाजवळ टेकते. रिव्हॉल्वर खाली पडले तर बार उडू शकतो. म्हणून जाणकार सहापैकी पाचच घरे भरत आणि घोडा रिकाम्या घरावर ठेवत. रूगरने १९७३ मध्ये मध्यस्थ पट्टीची रचना आणली. चाप पूर्ण ओढल्याशिवाय घोड्याचा मार टोचणीपर्यंत पोचतच नाही. जुन्या पात्याच्या स्प्रिंगांऐवजी रूगरने वेटोळ्या स्प्रिंगा वापरल्या, त्या सहसा तुटत नाहीत.

मग मूळ वस्तूचे मोल कशात आहे? मूळ वस्तू पुरावा असते. तिच्यावरचे क्रमांक, तपासणीच्या खुणा, हत्यारांचे ओरखडे, झिजलेली मूठ या सगळ्यांतून त्या काळचा कारखाना आणि ती वापरणारा माणूस वाचता येतो. म्हणूनच संग्राहक घासून चकचकीत केलेल्या मूळ रिव्हॉल्वरला कमी किंमत देतात. प्रत्येक बार हा पुरावा थोडा झिजवतो. प्रतिकृती झिजली तर दुसरी मिळते.

४. आपल्याकडची गोष्ट

इटालियन प्रतिकृती भारतातील सामान्य माणसाला मिळत नाही. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खाजगी व्यक्तींसाठी बंदुकांची आयात जवळजवळ बंद आहे. पण मूळ आणि प्रतिकृतीची आपली स्वतःची जोडी आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौजांनी वापरलेले वेब्ली मार्क ४ हे .३८ व्यासाचे, मधून मोडणारे रिव्हॉल्वर तुम्ही जुन्या हिंदी-मराठी चित्रपटांतील इन्स्पेक्टरच्या हाती पाहिले असेल. कानपूरच्या सरकारी लघुशस्त्र कारखान्याचे .३२ रिव्हॉल्वर याच रचनेवर आधारलेले आहे. त्याचा घोडा अंगठ्यानेही ओढता येतो, म्हणजे ते एकेरी क्रियेनेही चालते.

व्यास .३८ चा .३२ का झाला? कारण कायद्याचे आहे. .३८ आणि .४५५ हे फौजेच्या आणि पोलिसांच्या वापरातले व्यास सामान्य नागरिकाला निषिद्ध आहेत. .३२ तसे नाही. इथे प्रतिकृतीचे माप कायद्याने ठरवले. आणि गंमत पाहा, २०२० मध्ये वेब्लीच्याच नावाने उत्तर प्रदेशात .३२ रिव्हॉल्वर बनवण्याचा प्रकल्प जाहीर झाला. आता सांगा, यांतले मूळ कोणते आणि नक्कल कोणती?

असाच प्रश्न आमच्या कर्नाटकात दोनशे वर्षांपूर्वीही होता. टिपू सुलतानाच्या श्रीरंगपट्टणच्या कारखान्यांत युरोपीय धर्तीच्या चकमकी बंदुका आणि पिस्तुले घडत. त्यांवर वाघाचे तोंड आणि वाघाच्या पट्ट्यांची नक्षी असे. तेव्हा एखादा इंग्रज त्यांना नक्कल म्हणाला असता. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांनीच ती लूट म्हणून नेली आणि आज ती जगभरच्या संग्रहालयांत मूळ वस्तू म्हणून मिरवतात. नकलेत घडवणाऱ्याने स्वतःचे काही ओतले की काळ तिला मूळ करतो.

५. बाळगण्याचा हक्क

१८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे गुन्हा ठरवला, युरोपीयांना मात्र सूट दिली. हा भेद आपल्या पूर्वजांना फार झोंबला. कोडगूच्या कोडवांना १८६१ पासून खास सूट मिळाली. ती आजही आहे. २०१९ मध्ये केंद्राने ती दहा वर्षांनी वाढवली आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती वैध ठरवली. कैलपोळ्द या सणाला तिथे घरातील शस्त्रांची पूजा होते, आपल्याकडे खंडेनवमीला होते तशीच.

बाकी सर्वांना १९५९ चा शस्त्र कायदा लागू आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात आणि वारशाने आलेली बंदूकही त्यातच मोजली जाते. कलम ४५ मध्ये जुन्या घडणीच्या आणि पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या शस्त्रांना सूट आहे, पण दुरुस्ती करूनही ज्यांतून गोळी सुटू शकत नाही अशांनाच. ट्रंकेतले रिव्हॉल्वर या व्याख्येत बसते की नाही हे ठरवणे तुमच्या-माझ्या हाती नाही. बाळगण्याचा हक्क संपलेले शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे, असे कलम २१ सांगते.

६. त्या विद्यार्थ्याला उत्तर

माझे उत्तर असे आहे. ते रिव्हॉल्वर चालवू नका, एकदाही नाही, "चालतं का बघू" म्हणूनसुद्धा नाही. त्याचे पोलाद, त्याची दारू आणि त्याचा परवाना या तिन्ही गोष्टी पणजोबांच्या काळातल्या आहेत. पण पोलिसांच्या भीतीने ते रात्री विहिरीतही टाकू नका. कितीतरी घरांतला इतिहास असाच बुडाला असेल. शस्त्र आणि सापडलेली सगळी कागदपत्रे घेऊन घरातील मोठी माणसे ठाण्यात गेली, तर रीतसर परवाना, जमा करणे किंवा संग्रहालय यांपैकी एखादी वाट निघते. आणि ते शस्त्र घरात का आले, कोणाच्या भीतीने, कोणाच्या मानाने, हे आजीकडून आजच लिहून घ्या. रिव्हॉल्वर शंभर वर्षे टिकेल, पण आजीची आठवण तेवढी टिकणार नाही.

स्वाध्याय

१. एकेरी आणि दुहेरी क्रियेतील चापाच्या कामाचा फरक आकृतीसह स्पष्ट करा.
२. वरील गणितात भिंतीची जाडी ३ मिलिमीटर धरून दोन्ही सूत्रांनी ताण काढा. दोन उत्तरांतील टक्केवारीचा फरक वाढला की घटला, आणि का?
३. कायद्यामुळे यंत्राची रचना बदलल्याचे आणखी एक उदाहरण तुमच्या शाखेतून शोधा आणि दहा ओळी लिहा.