प्रेग्नन्सी टेस्ट पॉझिटिव्ह आली, पुढे काय? पहिल्या १२ आठवड्यांत करायची कामं

किटवर दोन रेषा दिसल्या की वऱ्हाडातल्या बऱ्याच घरांत पहिली सूचना ठरलेली असते: "तीन महिने कोनाले सांगू नोको." नजर लागेल, किंवा गर्भ टिकला नाही तर लोक विचारत बसतील, ही त्यामागची भीती. शेजारपाजारी न सांगण्यात वाईट काही नाही. पण आशाताई आणि डॉक्टरांपासूनही बातमी लपवली, तर नुकसान होतं. कारण सरकारी नोंदणी १२ आठवड्यांच्या आत व्हावी असा नियम आहे आणि सर्वांत उपयोगी गोळ्या-तपासण्याही याच काळात असतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशात सुमारे ७० टक्के मातांची पहिली तपासणी पहिल्या तीन महिन्यांत झाली होती. म्हणजे दहापैकी तिघींची त्या काळात झालीच नाही.

१२ आठवडे नेमके कधीपासून?

इथेच बहुतेकांचा हिशोब चुकतो. आठवडे टेस्टच्या दिवसापासून नाही, तर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. समजा शेवटची पाळी १ जूनला आली आणि ५ जुलैला टेस्ट केली, तर त्या दिवशी जवळपास ५ आठवडे झालेले असतात. १२ आठवडे २४ ऑगस्टला पूर्ण होतात. हातात उरतात जेमतेम सात आठवडे. म्हणून पहिलं काम सोपं आहे: शेवटच्या पाळीची तारीख कुठेतरी लिहून ठेवणं.

टेस्ट सकाळच्या पहिल्या लघवीवर करावी. रेषा फिकट असेल तर दोन-तीन दिवसांनी पुन्हा करावी किंवा रक्ततपासणी करून घ्यावी.

नोंदणी कुठे करायची?

गावात आशाताईला सांगितलं की काम सुरू होतं. उपकेंद्रातल्या नर्सताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र नोंद घेतं आणि माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं. अंगणवाडीतही नाव द्यावं, पोषण आहार तिथून मिळतो. शहरात महापालिकेची आरोग्य केंद्रं आहेत, शिवाय दोन्ही जिल्ह्यांना जिल्हा स्त्री रुग्णालय आहे. अमरावतीत ऑटोवाल्याला 'डफरीन' आणि अकोल्यात 'लेडी हार्डिंग' म्हटलं तरी पुरतं. दोन्ही नावं ब्रिटिश व्हाइसरॉयांच्या पत्नींची. लेडी डफरीन यांनी १८८५ मध्ये भारतातल्या बायकांना स्त्री डॉक्टरांकडून उपचार मिळावेत म्हणून निधी उभारला होता.

खासगी डॉक्टरकडे जायचं ठरलं असेल तरी सरकारी नोंद करून घ्यावी. पहिलं बाळंतपण माहेरी करायची पद्धत असल्याने सातव्या-आठव्या महिन्यात मुक्काम बदलतो. नवा डॉक्टर आधीचं काही जाणत नसतो, तेव्हा ते कार्डच बोलतं. मेळघाटात तर धारणीहून अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर आणि मध्ये घाट. तिथे जोखमीचं गरोदरपण लवकर कळलं, तरच पुढची सोय वेळेवर होते.

पहिल्या तपासणीत काय होतं?

वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, रक्तगट, लघवी, साखर, एचआयव्ही, सिफिलिस. देशात निम्म्याहून अधिक गरोदर महिलांना रक्तक्षय असल्याचं याच सर्वेक्षणात दिसलं, त्यामुळे हिमोग्लोबिनचा आकडा विचारून लक्षात ठेवावा.

विदर्भात आणखी एक तपासणी मागून घ्यावी: सिकलसेल. आदिवासी आणि काही अनुसूचित जाती समाजांत हा आनुवंशिक आजार जास्त आढळतो. आई वाहक असेल तर तिला स्वतःला त्रास जाणवत नाही, त्यामुळे तपासल्याशिवाय कळायचा मार्ग नाही. ती वाहक निघाली तर नवऱ्याची तपासणी लगेच करावी. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. बाळाची तपासणी गर्भातच करता येते, पण ती साधारण दहाव्या-अकराव्या आठवड्यापासून, आणि मोठ्या शहरातल्या केंद्रात. रिपोर्ट, समुपदेशन, निर्णय या सगळ्याला वेळ लागतो. चौथ्या महिन्यात नोंदणी करणाऱ्या जोडप्याकडे तो वेळ कमी उरतो. आईलाच सिकलसेलचा आजार असेल तर हे गरोदरपण जोखमीचं समजून सुरुवातीपासून तज्ज्ञांकडे जावं.

गोळ्या

फॉलिक अॅसिड (रोज ४०० मायक्रोग्रॅम) लगेच सुरू करायचं असतं. बाळाच्या मेंदूचा आणि मज्जारज्जूचा पाया शेवटच्या पाळीपासून सहाव्या आठवड्यापर्यंत बंद होतो. अनेकींना तेव्हा नुकतंच कळलेलं असतं. खरं तर ही गोळी मूल हवं असं ठरलं तेव्हापासूनच घ्यायला हवी. लोहाच्या गोळ्या तीन महिन्यांनंतर, निदान १८० दिवस. त्या चहासोबत घेऊ नयेत, लोह नीट शोषलं जात नाही.

फिट्स, थायरॉईड, रक्तदाब, मधुमेह यांची औषधं मनाने बंद करू नयेत आणि मेडिकलवरून विचारून नवी घेऊ नयेत. गर्भपाताच्या गोळ्यांबाबत तर हे जास्तच लागू. गर्भ नको असेल तर कायद्याने मान्यताप्राप्त डॉक्टरकडे जाता येतं. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं आणि सज्ञान स्त्रीची स्वतःचीच संमती लागते, नवऱ्याची नाही. लग्न झालेलं असो वा नसो.

शेत, पाणी, खर्रा

कापूस-सोयाबीनवर फवारणी सुरू असेल तर त्या शेतात जाऊ नये. फवारणीचे कपडे धुण्याचं कामही घरातल्या दुसऱ्याने करावं. हे सहसा कोणी सांगत नाही.

पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात विहिरी-हापशांचं पाणी खारट असतं. बांगलादेशच्या किनारी भागातल्या अभ्यासांत असं पाणी आणि गरोदरपणातला वाढलेला रक्तदाब यांचा संबंध आढळला आहे. तेव्हा पिण्यासाठी नळयोजनेचं गोडं पाणी वापरावं आणि रक्तदाब प्रत्येक भेटीत मोजून घ्यावा. खर्रा, तंबाखू, मिसरी पूर्ण बंद. पिकलेल्या पपईवर मात्र उगाच वाद नको. टाळायची ती कच्ची, चीक असलेली.

पैसे

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र महिलेला पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात. पहिला ३,००० चा हप्ता पाळीपासून सहा महिन्यांत नोंदणी आणि निदान एक तपासणी झाली तरच. दुसरं अपत्य मुलगी झाली तर ६,००० रुपये मिळतात. रक्कम तिच्याच आधार जोडलेल्या खात्यात जाते, म्हणून खातं आधारशी जोडलेलं आहे का, हे आताच बँकेत विचारावं. सरकारी रुग्णालयात तपासण्या, औषधं आणि बाळंतपण मोफत आहे. चौथ्या महिन्यापासून दर महिन्याच्या ९ तारखेला डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते.

कधी थांबू नये?

रक्तस्राव, पोटात एका बाजूला तीव्र दुखणं, चक्कर येऊन पडणं, पाणीही न टिकणाऱ्या उलट्या, ताप. एका बाजूच्या दुखण्यासोबत चक्कर येत असेल तर गर्भ नळीत राहिलेला असू शकतो आणि तिथे तासांचा प्रश्न असतो. अशा वेळी १०८ ला फोन करावा. गरोदर महिलेला नेण्या-आणण्यासाठी १०२ आहे आणि नुसती शंका विचारायची असेल तर १०४.