खाणे, ओढणे, टोचणे

व्यसनांविषयी लिहिताना आपले लक्ष पदार्थांच्या नावांकडे जाते, क्रियापदांकडे सहसा जात नाही. मराठीत अफू खातात, कसुंबा पितात, चंडू ओढतात आणि सुई टोचून घेतात. खसखशीच्या बोंडातून निघणाऱ्या एकाच चिकाभोवती ही सारी क्रियापदे गोळा झाली आहेत. रूढ समजूत अशी की, ही अधःपतनाची शिडी आहे आणि व्यसनी माणूस अधिकाधिक सुखाच्या हव्यासाने तिची एकेक पायरी उतरतो. आम्हांला ही समजूत अपुरी वाटते. सेवनाचा मार्ग बदलण्यात हव्यासाचा वाटा असतो. पण मालाचा भाव, त्याची प्रत, कायदा आणि थकलेले शरीर यांचा वाटा बहुधा अधिक असतो.

आमच्या नागपुरापासून आरंभ करू. १८६१ साली मध्य प्रांत अस्तित्वात आला आणि नागपूर त्याची राजधानी झाले. त्या काळी अफू परवान्याच्या दुकानांतून उघडपणे विकली जाई. सर्दी-खोकला, संधिवात, जुलाब आणि अंगमेहनतीचा शीण या सगळ्यांवर ती घरगुती औषध होती. १८७७ मध्ये येथे एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणीत जाणाऱ्या स्त्रिया तान्ह्या मुलांना अफू देऊन निजवतात, ही देशातील औद्योगिक शहरांतली रीत १९३१ च्या मजूर आयोगाच्या अहवालातही नोंदली गेली. पोटात गेलेली अफू हळूहळू रक्तात उतरते, तिचा अंमल तासन्‌तास टिकतो. त्यामुळे गोळी खाणारा कामधंदा सांभाळू शके. १८९३ ते १८९५ या काळात लॉर्ड ब्रॅसी यांच्या अध्यक्षतेखालील अफू आयोगाने सातशेहून अधिक साक्षी नोंदवल्या आणि खाण्याच्या प्रथेवर बंदी घालण्याचे कारण नाही असा निष्कर्ष काढला. सरकारी उत्पन्नाची काळजी त्या निष्कर्षामागे होतीच. मात्र चंडू आणि मदक ओढणे तेव्हाही हलके समजले जाई.

मग माणसे ओढण्याकडे का वळत? धूर काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचतो, हे एक कारण. चंडूखान्यातली सोबत, हे दुसरे. परंतु ओढण्यात बराच माल जळून वाया जातो. म्हणून पैसा आटला की उलटा प्रवासही होई. पूर्व आशियात गरीब माणसे नळीत साचलेली काट खाऊन भागवत. म्हणजे ही वाट तेव्हाही एकाच दिशेची नव्हती.

पुढे कायदा कडक होत गेला. मुंबई इलाख्यात १९३६ साली अफू ओढण्याविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला. १९४९ च्या अखिल भारतीय अफू परिषदेने दहा वर्षांत औषधाखेरीजची विक्री संपवण्याचे ठरवले आणि १९५९ मध्ये नोंदणी झालेले व्यसनी वगळता इतरांसाठी ती बंद झाली. १९८० च्या सुमारास मुंबईत ब्राऊन शुगर येऊन पोहोचली. फारसीत धूळ असा अर्थ असलेला ‘गर्द’ हा शब्द तिला चिकटला आणि वृत्तपत्रांनी ‘गर्दुल्ला’ रूढ केला. डॉ. अनिल अवचट यांच्या ‘गर्द’मुळे हा विषय मराठी घरांत पोहोचला, पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली उभे राहिले. आदल्याच वर्षी झालेल्या अमली पदार्थविरोधी कायद्याने बहुतेक गुन्ह्यांना किमान दहा वर्षांची शिक्षा ठेवली होती. थोड्या आणि मोठ्या साठ्यातला भेद शिक्षेत २००१ च्या दुरुस्तीने आला. जोखीम सारखीच असेल, तर वासाची, जड अफू नेण्यापेक्षा चिमूटभर पूड नेणे व्यापाऱ्याला सोयीचे होते.

ही पूड पन्नीवर तापवून तिचा धूर ओढतात. येथेही बराच भाग हवेत जातो. सवय वाढली, भाव चढला किंवा भेसळ वाढली की तेवढ्याच पैशांत ‘टर्की’ टाळणे अशक्य होते. पोटऱ्यांतले गोळे, उलट्या, नाकाडोळ्यांतून वाहणारे पाणी, रात्र-रात्र झोप नाही, असे त्या टर्कीचे रूप असते. सुखाचा शोध तेव्हा कधीच मागे पडलेला असतो. दिवस कसाबसा उभ्याने काढायचा असतो. सुईत काहीच वाया जात नाही, म्हणून सुई येते. १९९० नंतर दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईत गर्द महागल्यावर अनेकजण ब्युप्रेनॉर्फिनच्या इंजेक्शनांकडे वळले. मणिपुरात वेदनाशामक कॅप्सूलमधली न विरघळणारी पूड शिरेत टोचली गेली आणि हातापायांवर गळवे फुटली. सामायिक सुईने एचआयव्ही व कावीळ पसरवली.

आणि शिरा उरल्या नाहीत की माणूस पुन्हा धुराकडे येतो. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोत फेंटॅनिल आल्यावर अनेकांनी सुई टाकून ओढणे पत्करले, त्याचे हेही एक कारण होते. सुईमुळे होणारा संसर्ग टळला, अतिमात्रेने मरण्याचा धोका मात्र कायम राहिला.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात अफूपेक्षा हेरॉइन घेणाऱ्यांचे प्रमाण अधिक, १.१४ टक्के विरुद्ध ०.५२ टक्के, आढळले. २००४ च्या पाहणीत अफू पुढे होती. सुई टोचून घेणाऱ्यांची संख्या सुमारे साडेआठ लाख होती. गोळी खाणाऱ्या आजोबांपेक्षा आजची पिढी स्वभावाने दुबळी आहे, असा याचा अर्थ आम्ही लावणार नाही. सौम्य वाट बंद होत गेली, गरज तशीच राहिली आणि बाजाराने अधिक घातक वाट पुढे केली.

उपचारही मार्गाच्याच बदलाने होतो. केंद्रात जिभेखाली ठेवायला दिली जाणारी ब्युप्रेनॉर्फिनची गोळी सावकाश चढते, दिवसभर टिकते आणि माणसाला कामावर जाऊ देते. तिच्या परिणामाचा वेग आणि तिची वेळ पुन्हा त्या जुन्या गोळीसारखी आहे. फरक इतकाच की ती देणारा डॉक्टर समोर असतो. व्यसनी पात्र वर्गात शिकवताना आपण त्याच्या स्वभावातला दोष शोधतो. तो काय घेतो याबरोबरच कसा घेतो आणि तसाच का घेतो, हे विचारले तर त्याचा काळ, त्याचा बाजार आणि त्याच्यासाठी बंद झालेली दारेही दिसू लागतील.