धोका, जोखीम आणि नकाशा : आपत्ती-गणनेच्या संगणकप्रणालींचा शब्दार्थदृष्ट्या इतिहास

शास्त्राच्या इतिहासात साधनांची नावे पुष्कळदा दुर्लक्षित राहतात. एखादे साधन काय करते याची चर्चा होते. ते कोणत्या नावाने ओळखले जाते आणि त्या नावाचा त्याच्या कार्याशी कितपत मेळ बसतो, याची सहसा होत नाही. भूकंप, पूर व वादळ यांपासून होणाऱ्या हानीचा आगाऊ अंदाज बांधून तो नकाशावर दाखविणाऱ्या संगणकप्रणालींच्या बाबतीत मात्र ही उपेक्षा परवडणारी नाही. १९७६ साली अमेरिकेत तयार झालेल्या एका आज्ञावलीचे नाव 'ईक्यूरिस्क' असे होते. नावात 'रिस्क', म्हणजे जोखीम, होती. गणना मात्र केवळ धोक्याची होत असे. उलटपक्षी, १९९७ साली त्याच देशात प्रसिद्ध झालेल्या 'हॅझस' या प्रणालीच्या नावात 'हॅझर्ड', म्हणजे धोका, आहे. आणि ती हिशेब मांडते तो जोखमीचा. नावांची ही अदलाबदल कशी झाली आणि तिच्या मुळाशी असलेला अर्थभेद किती मोलाचा आहे, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा विषय होय.

आरंभीच या दोन शब्दांचे अर्थ निश्चित करणे इष्ट आहे. विवक्षित स्थळी, विवक्षित काळात, विवक्षित तीव्रतेची नैसर्गिक घटना घडण्याची शक्यता म्हणजे धोका. त्या घटनेमुळे माणसांची व मालमत्तेची जी हानी संभवते ती जोखीम. धोका निसर्गाच्या बाजूचा आहे. जोखमीत निसर्ग आणि मनुष्य हे दोन्ही पक्ष आले. निर्जन वाळवंटात मोठा भूकंप झाला तर धोका खरा ठरतो, पण जोखीम जवळजवळ शून्य असते. या दोहोंमध्ये आणखी दोन गोष्टी येतात : धोक्याच्या कक्षेत कोण व काय आहे ही एक, आणि जे आहे ते आघातापुढे कितपत टिकेल ही दुसरी. या दुसऱ्या गोष्टीस येथे 'भेद्यता' म्हटले आहे. मराठीतील 'जोखीम' या शब्दाची जुनी छटा या अर्थाला अनुकूलच आहे. 'जोखमीचा माल' असे आपण म्हणतो तेव्हा गमावण्याजोगे काही मोलाचे हाती आहे, हे त्यात गृहीत असते. विम्याच्या व्यवसायातील इंग्रजीतही ज्या मालमत्तेचा विमा उतरविला जातो तिलाच 'रिस्क' म्हणण्याचा प्रघात आहे.

या दोन अर्थांना अनुसरून नकाशांच्याही दोन स्वतंत्र परंपरा निर्माण झाल्या. पहिली विमेदारांची. डी. ए. सॅनबर्न यांनी १८६७ साली स्थापन केलेल्या संस्थेने अमेरिकेतील हजारो शहरांचे आगविम्याचे नकाशे काढले. त्यांत प्रत्येक इमारत स्वतंत्रपणे दाखविलेली असे आणि तिच्या रंगावरून बांधकाम कळे : विटांची इमारत गुलाबी, लाकडाची पिवळी, दगडाची निळी. आग केव्हा व कोठे लागेल यासंबंधी हे नकाशे काहीच सांगत नसत. आग लागलीच तर काय टिकेल व काय जळेल, एवढेच ते सांगत.

दुसरी परंपरा भूकंपशास्त्रज्ञांची. १९४८ साली अमेरिकेच्या समुद्रकिनारा व भूमापन खात्याने 'भूकंप-संभाव्यता नकाशा' प्रसिद्ध केला. देशाचे विभाग पाडून हानीची तीव्रता आकड्यांनी दाखविलेली होती. परंतु त्यात घर नव्हते, गाव नव्हते, माणूस नव्हता. शिवाय शीर्षकात 'संभाव्यता' असूनही तशी कोणतीही गणना नकाशामागे नव्हती. पूर्वी झालेल्या भूकंपांच्या नोंदींवरच त्याची उभारणी होती. त्याचा चुकीचा अर्थ लावला जातो असे दिसून आल्यावर १९५२ साली खात्याने तो मागे घेतला. तथापि बांधकामाच्या नियमांमध्ये त्याचा वापर पुढेही होत राहिला. एकदा व्यवहारात रुळलेला नकाशा मागे घेणे हे रुळलेला शब्द मागे घेण्याइतकेच अवघड असते.

केवळ मागील नोंदींवर विसंबण्यातील उणीव महाराष्ट्रात लवकरच प्रत्ययास आली. दक्षिणेचे पठार भूकंपाच्या दृष्टीने स्थिर आहे, असा समज रूढ होता. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनेच्या परिसरात भूकंप होऊन सुमारे १८० माणसे मृत्यू पावली. भारतीय मानक संस्थेच्या भूकंप-विभाग नकाशाची १९७० साली जी सुधारित आवृत्ती निघाली, तीत कोयनेभोवतीचा प्रदेश चौथ्या विभागात घालण्यात आला. नकाशाने भूकंपाची सूचना दिली नाही. भूकंपाने नकाशाला दिली.

या उणिवेवर गणिताने उपाय शोधला. १९६८ साली सी. ॲलिन कॉर्नेल यांनी अमेरिकेच्या भूकंपशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात एक निबंध लिहिला. एखाद्या स्थळाभोवती भूकंपाचे उगम कोणते, प्रत्येकात किती क्षमतेचे भूकंप किती वारंवारतेने होतात, आणि अंतराप्रमाणे हादऱ्याचा जोर कसा ओसरतो, या तीन गोष्टी एकत्र करून त्या स्थळी ठराविक जोराचा हादरा बसण्याची वार्षिक शक्यता कशी काढावी, हे त्यांनी दाखविले. आज ही पद्धती धोका-विश्लेषण म्हणून ओळखली जाते. परंतु कॉर्नेल यांच्या शीर्षकात शब्द होता तो 'रिस्क'. रॉबिन मॅग्वायर यांनी १९७६ साली ही पद्धती फोरट्रान भाषेत उतरविली तेव्हा तोच शब्द आज्ञावलीच्या नावात आला. पुढे बेंडर व पर्किन्स यांनी अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यासाठी रचलेल्या आज्ञावलीसही 'साइसरिस्क' हेच नाव मिळाले. तिची तिसरी आवृत्ती १९८७ ची. या साऱ्यांत इमारती व माणसे यांना स्थान नव्हते.

या काळातील नकाशांनी आणखी एक शब्दप्रयोग रूढ केला. अल्जरमिसन व पर्किन्स यांच्या १९७६ च्या नकाशात ५० वर्षांत ओलांडला जाण्याची शक्यता १० टक्के आहे असा हादऱ्याचा जोर दाखविलेला होता. गणिताने याचेच दुसरे रूप '४७५ वर्षांचा पुनरावृत्तिकाळ' असे होते. दोन्ही विधाने गणितदृष्ट्या समान असली तरी ऐकणाराच्या मनात ती समान अर्थ उत्पन्न करीत नाहीत. '४७५ वर्षांतून एकदा' हे शब्द ऐकताच दर १२ वर्षांनी येणाऱ्या सिंहस्थाप्रमाणे काहीतरी नियमित कालचक्र आहे असे वाटू लागते, आणि नुकताच भूकंप होऊन गेला असेल तर आता काही शतके चिंता नाही, असा निष्कर्ष काढला जातो. वस्तुतः या गणनेत मागील भूकंप केव्हा झाला याची स्मृतीच नसते. प्रत्येक वर्षाची शक्यता सारखीच धरलेली असते.

धोका आणि जोखीम यांची शास्त्रीय फारकत प्रथम शब्दांत झाली व नंतर संगणकात. १९७९ च्या जुलैमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आपत्तिनिवारण कार्यालयाने बोलावलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीत धोका, भेद्यता आणि जोखीम यांच्या वेगळ्या व्याख्या करण्यात आल्या. भेद्यता मोजायची कशी हा प्रश्न शिल्लक होता. १९८५ साली कॅलिफोर्नियात सिद्ध झालेल्या 'एटीसी-१३' या अहवालाने त्याचे एक उत्तर दिले : बांधकामांचे ७८ वर्ग पाडून, कोणत्या तीव्रतेच्या हादऱ्यात कोणत्या वर्गाची किती हानी होईल, याविषयी अनुभवी अभियंत्यांची मते पद्धतशीरपणे संकलित केली. १९८७ साली कॅरेन क्लार्क यांनी बोस्टन येथे विमा कंपन्यांसाठी वादळहानीची गणना करणारी संस्था काढली. विमेदारांचा या गणनेवर प्रथम विश्वास नव्हता. ऑगस्ट १९९२ मध्ये अँड्र्यू हे चक्रीवादळ फ्लॉरिडावर आदळले तेव्हा त्या संस्थेने विमाहानी १३०० कोटी डॉलरांहून अधिक होईल असे कळविले. प्रत्यक्ष आकडा त्याहूनही मोठा ठरला आणि कित्येक विमा कंपन्या बुडाल्या. त्यानंतर या गणनेस व्यवसायात मान्यता मिळाली. पण ती खाजगी व मोल देऊन घेण्याची वस्तू होती.

सार्वजनिक उपयोगाची प्रणाली म्हणून 'हॅझस'चे महत्त्व येथे आहे. अमेरिकेच्या आपत्ती-व्यवस्थापन संस्थेने ती राष्ट्रीय इमारत-विज्ञान संस्थेच्या साहाय्याने तयार करविली. तीत दोन्ही नकाशा-परंपरा एकत्र आल्या. एका स्तरावर हादऱ्याचा नकाशा. दुसऱ्यावर जनगणनेच्या विभागांनुसार इमारतींची यादी, ३६ बांधकाम-प्रकारांत वाटलेली. आणि दोहोंना जोडणारे वक्र, जे हादऱ्याच्या प्रमाणात किंचित, मध्यम, व्यापक किंवा संपूर्ण हानीची शक्यता देतात. मनुष्यहानीचा अंदाज रात्री २, दुपारी २ आणि सायंकाळी ५ अशा तीन वेळांसाठी स्वतंत्रपणे काढला जातो; कारण भूकंप तोच असला तरी माणसे घरी आहेत, कामावर आहेत की वाटेत आहेत, यावर मृत्यूंची संख्या अवलंबून असते. २००४ साली पूर व चक्रीवादळ यांचाही या प्रणालीत समावेश झाला.

ही प्रणाली घडत असतानाच, चार महिन्यांहून कमी अंतराने झालेल्या दोन भूकंपांनी या अर्थभेदाचा पुरावा समोर ठेवला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनानंतरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, किल्लारी परिसरात सुमारे ६.२ क्षमतेचा भूकंप झाला. १७ जानेवारी १९९४ रोजी पहाटे ४ वाजून ३१ मिनिटांनी लॉस एंजेलिसजवळील नॉर्थरिज येथे ६.७ क्षमतेचा भूकंप झाला. दोन्ही ठिकाणी माणसे झोपेत होती. नॉर्थरिजचा भूकंप अधिक मोठा आणि त्याभोवतीची वस्ती कितीतरी दाट. तेथे सुमारे ६० माणसे दगावली. लातूर-उस्मानाबाद भागातील मृतांचा सरकारी आकडा आठ हजारांच्या जवळ जातो. हा फरक हादऱ्याने उलगडत नाही, घरांनी उलगडतो. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती, त्यांचे दोन थर एकमेकांस बांधणारे आरपार दगड नाहीत, आणि वर मातीचे जड माळवद : उन्हापासून निवारा देणारे हेच घर भूकंपात प्राणघातक ठरले.

त्या वेळच्या विभाग-नकाशात किल्लारी पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या, विभागात होती. २००२ च्या आवृत्तीत पहिला विभागच रद्द झाला व हा प्रदेश तिसऱ्यात गेला. ही दुरुस्ती आवश्यक होतीच. परंतु ती धोक्यापुरती होती. नकाशावरील विभाग बदलल्याने माळवदाचे वजन कमी होत नाही. धोका हा मनुष्याच्या हाती नाही. भेद्यता काही अंशी आहे. ज्या नकाशात भेद्यता दिसत नाही त्यात मनुष्याचे कर्तव्यही दिसत नाही.

म्हणूनच पुढील काळात यादी कोणी व कोणत्या परिभाषेत करावी, हा प्रश्न मध्यवर्ती झाला. अमेरिकेच्या ३६ प्रकारांत माळवदाला जागा नाही. इटलीतील पाविया येथे २००९ साली स्थापन झालेल्या जागतिक भूकंप-प्रतिमान प्रतिष्ठानाने 'ओपनक्वेक' ही मुक्त आज्ञावली तयार केली, आणि तिच्या जोडीला २०१३ साली इमारतींचे एक वर्गीकरण सिद्ध केले. त्यात प्रत्येक इमारतीचे वर्णन साहित्य, भारवाही रचना, उंची, छप्पर इत्यादी १३ लक्षणांनी होते. हे वस्तुतः एक छोटेसे व्याकरणच होय : मर्यादित घटक आणि ते जोडण्याचे नियम यांतून जगातील कोणत्याही घराचे वर्णन करता यावे, असा त्याचा हेतू आहे. डिसेंबर २०१८ मध्ये या प्रतिष्ठानाने जागतिक भूकंप-धोक्याचा व जागतिक भूकंप-जोखमीचा असे दोन वेगवेगळे नकाशे प्रसिद्ध केले. शब्दांतील फारकत नकाशांतही पूर्ण झाली.

इंडोनेशियाचा मार्ग निराळा होता. तेथील आपत्तिनिवारण संस्थेने ऑस्ट्रेलिया व जागतिक बँक यांच्या साहाय्याने घडविलेली 'इनासेफ' ही प्रणाली २०१२ साली प्रसिद्ध झाली. जाकार्तातील २६७ प्रभागांच्या प्रमुखांना एकत्र आणून विद्यार्थ्यांच्या मदतीने वस्त्यांच्या सीमा, शाळा, दवाखाने व निवाऱ्याची स्थळे मुक्त नकाशावर नोंदविण्यात आली. पूर आल्यास कोण कोण त्याच्या कक्षेत येईल, याचे उत्तर त्यावरून काढता आले, आणि ते उत्तर इंडोनेशियन भाषेतही मिळाले. यादी करणारा आणि यादीत असणारा हे येथे पुष्कळ अंशी एकच होते.

या विवेचनावरून असे म्हणता येईल की आपत्ती-गणनेच्या प्रणालींचा विकास हा केवळ संगणकाच्या वाढत्या शक्तीचा परिणाम नव्हे. त्याच्या मुळाशी दोन शब्दांचा अर्थ वेगळा करण्याचे, आणि वगळलेल्या वस्तूंना नाव देण्याचे, दीर्घ परिश्रम आहेत. मराठीत अद्याप 'धोका' हा एकच शब्द दोन्ही अर्थांनी सर्रास वापरला जातो. 'धोकादायक गावे' या शब्दप्रयोगात डोंगर धोक्याचा आहे की घर कच्चे आहे, हे कळत नाही. परिभाषा करणाऱ्यांनी या भेदाकडे लक्ष देणे अगत्याचे आहे. कारण पहिल्या अर्थाचे उत्तर स्थलांतर असू शकते, तर दुसऱ्याचे उत्तर भिंतीत बसविलेला एक आरपार दगडही असू शकते.