खाणीच्या तोंडाशीं अडलेला कोळसा

इ. स. १९४७ च्या आरंभीं ब्रिटनवर जें इंधनसंकट कोसळलें, त्याचा सारा दोष हिंवाळ्याच्या माथीं मारण्याची चाल पडली आहे. हिंवाळा भयंकर होता, यांत शंका नाहीं. २२ जानेवारीपासून १७ मार्चपर्यंत त्या देशांत कोठेंना कोठें बर्फ पडल्यावांचून एकहि दिवस गेला नाहीं. लंडनजवळील क्यू येथील वेधशाळेस २ फेब्रुवारीपासून तीन आठवडे सूर्यदर्शन घडलें नाहीं. तरीहि आमच्या मतें बर्फानें केलें तें इतकेंच कीं, आधींच जीर्ण झालेलें वस्त्र फाडलें.

ज्या बेटाच्या पोटांत कोळसाच कोळसा, तेथें कोळशाचा दुष्काळ पडावा कसा? याचें उत्तर खाणींत नसून वाटेंत आहे. महायुद्धाच्या सहा वर्षांत आगगाडीच्या डब्यांची व एंजिनांची डागडुजी धड झाली नव्हती. वीजघरांत हिंवाळ्यापुरता सांठा नव्हता. इंधनमंत्री शिनवेल मात्र आदल्या वर्षीं लोकांस धीरच देत होते. बर्फाच्या राशींत मालगाड्या रुतल्या, डब्यांतील कोळसा गोठून दगडासारखा घट्ट झाला, आणि टाईन नदीवरून लंडनच्या वीजघरांकडे कोळसा नेणारीं जहाजें वादळामुळें बंदरांत अडकून पडलीं. एक गोष्ट सामान्यतः कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. मालाच्या वाहतुकींत भरलेल्या डब्याइतकीच किंमत रिकाम्या डब्यास असते. रिकामे डबे परत येईनात, तेव्हां खणून काढलेला कोळसा खाणीच्या तोंडाशींच ढीग होऊन पडला. सैनिक व जर्मन युद्धकैदी फावडीं घेऊन रूळ मोकळे करूं लागले. विमानाचीं जेट एंजिनें डब्यांवर बसवून बर्फ उडविण्याचाहि प्रयोग झाला!

७ फेब्रुवारीस शिनवेल यांनीं पार्लमेंटांत वीजकपात जाहीर केली. मोठमोठ्या प्रांतांतील कारखाने बंद पडले, घरोघर रोज पांच तास वीज तुटली, वीस लाखांहून अधिक कामकरी घरीं बसले. साप्ताहिकें व मासिकें यांनाहि दोन आठवडे प्रकाशन थांबवावें लागलें; ही शिक्षा किती कडक, हें आमच्या वाचकांस सांगणें नको.

याच महिन्याच्या २० तारखेस ॲटली यांनीं जून १९४८ पर्यंत हिंदुस्थान सोडण्याचा निर्णय जाहीर केला. दुसऱ्याच दिवशीं ग्रीस व तुर्कस्थान यांचा भार आपणांस यापुढें पेलणार नाहीं, असें ब्रिटननें अमेरिकेस कळविलें. हिंदुस्थानचें स्वातंत्र्य एका हिंवाळ्यानें दिलें असें म्हणणें हा पिढ्यान्‌पिढ्यांच्या लढ्याचा अपमान होईल, आणि तें खरेंहि नाहीं. परंतु साम्राज्याचा हिशेब मांडणाऱ्या मंत्र्यांना आपल्याच घरचा कोळसा शंभर कोसांवर पोंचवितां येत नव्हता, ही गोष्ट इतिहासकारानें टिपून ठेवण्याजोगी आहे.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यांत बर्फ वितळूं लागलें. मग नद्या फुगल्या, शेतें बुडालीं, आणि बर्फांतून सुटलेल्या रुळांवर कित्येक ठिकाणीं आतां पुराचें पाणी चढलें.